ॲपलव्हाइटबाई, तीन टक्क्यांनी

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या बेरजेत चूक नव्हती. तेव्हाही नव्हती, आजही नाही. आमच्या हॅझल फोर्ड गावात अजूनही कोणी ना कोणी मला दुकानात गाठतं आणि डोळा मिचकावून विचारतं, "काय रॉइस, या खेपेला कोण?" तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. मी सोफ्यांच्या कारखान्यात अंदाज काढणारा माणूस आहे. नवा सोफा बनायच्या आधी त्याला कापड किती लागेल, फोम किती, खिळे किती, हे मी सांगतो. माझा अंदाज वीतभरापेक्षा जास्त कधी चुकलेला नाही. एकदा चुकला होता, पण तो कोपऱ्यातला सोफा होता आणि गिऱ्हाइकानं मध्येच दोन उशा वाढवल्या. ते जाऊ द्या.

सगळं सुरू झालं टीव्हीवरच्या एका दातवाल्या माणसामुळे.

आमच्या नॉर्थ कॅरोलिनात निवडणुकीचा दिवस नुसता नावाला असतो. त्याच्या दोन-अडीच आठवडे आधीच केंद्रं उघडतात आणि अर्ध्याहून जास्त लोक सवडीनं जाऊन मत देऊन मोकळे होतात. या आगाऊ मतांची मोजणी तेव्हा होत नाही, पण मत द्यायला कोण आलं हे रोज सकाळी जाहीर होतं. मतदार म्हणून नाव नोंदवताना आम्ही पक्षही सांगतो, त्यामुळे निळ्या पक्षात नाव असलेले इतके आले, लाल पक्षातले इतके आले, आणि कुठेच नाव न घातलेले इतके, असे आकडे मिळतात. या आकड्यांवर अख्खा देश अंदाज बांधत बसतो, कारण आमचं राज्य नेहमी काठावर. त्या वर्षी सिनेटची जागा होती. निळ्यांकडून कोरिन ॲपलव्हाइटबाई, लालवाल्यांकडून थॅड बंच. वॉशिंग्टनात कोणाचं चालणार ते आमच्या या एका जागेवर ठरणार म्हणे, त्यामुळे महिनाभर टीव्हीवर आम्हाला साबणाची जाहिरातसुद्धा दिसली नव्हती.

तर तो दातवाला म्हणाला, "शुक्रवारी निळे मतदार कमी आले. उत्साह ओसरलाय."

अरे, शुक्रवारी आमच्याकडे शाळांची फुटबॉलची मॅच असते! शुक्रवारी आमच्या काउंटीत माणूस मरायलासुद्धा तयार नसतो! हे त्या स्टुडिओत बसलेल्याला कुठून कळणार?

"कापड न मापता कात्री लावतोय हा," मी म्हणालो.

"मग तू लाव," नेडीन म्हणाली. नेडीन म्हणजे माझी बायको. ती शाळेची बस चालवते, त्यामुळे मागून येणारं बोलणं ऐकायचं आणि त्याकडे लक्ष द्यायचं नाही, ही तिची कायमची सवय. "पण आधी पन्हळीतली पानं काढ."

पन्हळीतली पानं तशीच राहिली. मी फ्रिजच्या दारावर तक्ता मांडला. रोज सकाळी आकडे यायचे, मी मागच्या दोन निवडणुकांशी ताडून बघायचो, मॅचचा शुक्रवार वजा करायचो, चर्चचा रविवार वजा करायचो. चौथ्या दिवशी नेडीननं विचारलं, "दूध कुठंय?" मी म्हणालो, "शार्लट शहराच्या आकड्यांमागे." त्या दिवशी तक्ता गराजमध्ये गेला.

गराजमध्ये तो ड्यूई लॅकीनं पाहिला. ड्यूई आमचा शेजारी. गावात त्याचं टायरचं दुकान आहे, आणि दुकानावर लाल पताका एवढ्या की लांबून माणसाला वाटावं सर्कस आली. वीसेक वर्षं आम्ही एकमेकांच्या शिड्या वापरतोय. राजकारणावर आमचं कधी भांडण झालं नाही, कारण मी कुठल्याच पक्षात नाव घातलेलं नाही आणि ड्यूई बोलायला लागला की मी शिडीवर असतो.

"गड्या, हे असं अंधारात काय ठेवलंयस?" ड्यूई म्हणाला. "बाहेर लाव! लोकांना दिसू दे. त्या टीव्हीवाल्यापेक्षा तुझं अक्षर तरी चांगलं आहे."

माणूस कौतुकानं फसतो. मी कारखान्यातून प्लायवूडचा मोठा तुकडा आणला, पांढरा रंग मारला आणि समोरच्या हिरवळीवर उभा केला. दोन दिवसांत मोटारी थांबायला लागल्या. लोक काचा खाली करून विचारायचे, "आज कोण?" आमच्या कॉलनीत तोवर मोटारी थांबत त्या फक्त हरणाला धडकल्यावर.

तिसऱ्या दिवशी ग्लेंडा फुलब्राइट आली. ग्लेंडा आमच्या कॉलनीच्या मंडळाची अध्यक्ष. ती येते तेव्हा तिच्या हातात मोजपट्टी असते; लग्नालाही आणते असं म्हणतात.

"रॉइस, हा बोर्ड कोणाच्या बाजूचा?"

"कोणाच्याच नाही. आकडे आहेत."

"मग तो निवडणुकीचा बोर्ड नाही."

"अगं, निवडणुकीचेच आकडे आहेत!"

"नियमात उमेदवाराला पाठिंबा देणारा बोर्ड चालतो. 'घर विकणे आहे' चालतो. जुन्या सामानाच्या विक्रीचा चालतो. नुसती माहिती द्यायची सोय नियमात नाही." ती हळहळून म्हणाली, पण पट्टी लावतच होती. "तू कोणाला तरी पाठिंबा दे, म्हणजे माझी काही तक्रार नाही."

म्हणजे बघा! या देशात मी कुठल्याही माणसाला डोक्यावर घेऊन नाचू शकतो, पण माझ्या स्वतःच्या हिरवळीवर बेरीज करू शकत नाही. मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बेरीज मागच्या अंगणात कर. तिथे पाच फुटांपर्यंत परवानगी आहे."

ड्यूईनं तोडगा काढला. "खाली लिही, 'विकणे आहे'. बोर्ड विकायचाय म्हणायचं. नियमात बसतं."

मी लिहिलं. शनिवारी मी कामावरून परत येतो, तर दारात ओहायोची नंबरप्लेट असलेली गाडी आणि आत एक निवृत्त जोडपं नेडीनबरोबर आमचं न्हाणीघर बघतंय. त्यांना वाटलं घर विकायचंय. संताप त्याचा नाही. संताप याचा, की नेडीननं त्यांना नाही म्हटलं नाही. कपाटं उघडून दाखवली. वरच्या खोलीत सकाळचं ऊन येतं हे सांगितलं. मला ते आजवर माहीत नव्हतं.

"एवढं कशाला दाखवायचं?" ते गेल्यावर मी म्हणालो.

"विचारत होते. आणि किती वर्षांत कोणी माझं घर असं नीट पाहिलं नव्हतं."

मी 'विकणे आहे' पुसलं. शेवटी ड्यूईनं आपला जुना पिकअप ट्रक आणून माझ्या दारात उभा केला आणि बोर्ड त्याच्यावर चढवला. उभ्या वाहनावर काय असावं याबद्दल नियमात काही नव्हतं. ग्लेंडा मोजपट्टी घेऊन ट्रकभोवती दोन प्रदक्षिणा घालून गेली.

आता खरी अडचण होती ती बिनपक्षी मतदारांची. आमच्या राज्यात सर्वात मोठा ढीग त्यांचाच, आणि ते काय करतील हे कोणालाच माहीत नाही. सल्ले मात्र सगळ्यांकडे होते. ड्यूई म्हणाला, "ते सगळे आमचे. लाजतात बिचारे." समोरच्या मिस इमोजीन, वय ब्याऐंशी, गावच्या वाचनालयात जन्म गेलेला, मनानं पक्क्या निळ्या, त्या म्हणाल्या, "ते सगळे आमचे, बाळ. सभ्य लोक आहेत, बोलत नाहीत." ग्लेंडा म्हणाली, कोणत्याही मंडळात नाव न घालणाऱ्या माणसावर तिचा मुळात विश्वासच नाही.

मी ठरवलं, प्रत्यक्ष जाऊन बघायचं. मत कोणाला दिलं हे विचारणं असभ्यपणाचं. पण माणूस एकदा सोफ्याबद्दल बोलायला लागला की मन उघडं करतोच. सिनेटरपेक्षा सोफ्याचा विचार तो जास्त करतो, हा माझा नोकरीतला अनुभव. म्हणून कारखान्यातून कापडाचे नमुने घेतले, एक लाल चौकडी, एक निळी पट्टी, एक राखाडी, आणि मतदान केंद्राबाहेर उभा राहिलो. बाहेर पडणाऱ्याला अदबीनं विचारायचं, "दिवाणखान्यासाठी यातलं कोणतं घ्याल?"

अजून धड सहा माणसं झाली नव्हती, तोच केंद्राचे प्रमुख पर्व्हिस ओट्स बाहेर आले. फार सभ्य गृहस्थ. टाय सरळ करत म्हणाले, "साहेब, दारापासून ठरलेल्या अंतराच्या आत प्रचार करता येत नाही."

"प्रचार? मी कापड दाखवतोय!"

"लाल आणि निळं कापड दाखवताय, साहेब. मतदान केंद्रावर."

"राखाडीही आहे!"

"ते मी नोंदलंय. पण रेषेच्या पलीकडे चला."

रेषेच्या पलीकडे काय होतं? चर. कडेनं काटेरी झुडपांचं कुंपण, खाली चिखल. मी, कारखान्यातला वरिष्ठ अंदाजतज्ज्ञ, गुडघ्याएवढ्या चरात उभा राहून वर हात करून नमुने दाखवत होतो. शेजारी अग्निशमन दलाच्या मदतीसाठी डुकराच्या मांसाच्या सँडविचचा स्टॉल लागला होता, त्यामुळे लोकांना वाटलं मी हात पुसायला फडकी देतोय. एका बाईनं खरोखरच निळ्या पट्टीला हात पुसले. उरलेल्यांनी एकच प्रश्न विचारला, "डाग कशात कमी दिसतात?" आणि राखाडी निवडलं.

त्या बाईचं मत मी ॲपलव्हाइटबाईंच्या खात्यात धरलं. बाकी बिनपक्षी अर्धे इकडे, अर्धे तिकडे वाटले.

याच सुमाराला गावात मोठी बातमी पसरली. थॅड बंच प्रचारासाठी गावात येणार होते, आणि येणार होते थेट ड्यूईच्या दुकानात! ड्यूईनं दुकान रंगवायला काढलं. टायरांचा मनोरा रचला, त्यासमोर उभं राहून फोटो काढायचा असं ठरलं. बायकोनं शर्ट इस्त्री करून टांगून ठेवला. त्याला मी एवढं खूश त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि लग्नात मी होतो.

आणि अशा वेळी मला रेडिओचं बोलावणं आलं.

गावच्या रेडिओवर स्किप बार्लोचा सकाळचा कार्यक्रम असतो. हरवलेली कुत्री आणि श्रद्धांजल्या यांच्यामध्ये पाहुण्याची मुलाखत. मी पूर्ण तयारीनं गेलो. काय सांगता येतं, काय येत नाही, कुठे किती फरक पडू शकतो, सगळं क्रमानं सांगायचं होतं. आदल्या संध्याकाळी आणखी एक काम केलं होतं: मतदारांची नोंद सगळ्यांना बघायला खुली असते, तेव्हा नमुना म्हणून आमच्या गल्लीचा पडताळा घेतला. आणि तिथे मला धक्काच बसला. ड्यूई लॅकीचं नाव निळ्या पक्षात होतं!

"एका शब्दात सांग, रॉइस," स्किप म्हणाला. "कोण?"

"एका शब्दात सांगण्यासारखं नाही. आधी आपण हे पाहिलं पाहिजे की..."

"मला पुढे कुत्र्यांकडे जायचंय, रॉइस."

"ॲपलव्हाइटबाई," मी म्हणालो. "तीन टक्क्यांनी."

"काय सांगतोस! अरे, लाल काउंटी आहे ही. तुझ्या गल्लीत तरी पटेल का हे कोणाला?"

आता इथे लक्षात घ्या. मला डिवचलं गेलं होतं. "गल्लीचं काय घेऊन बसलात!" मी म्हणालो. "आमचा ड्यूई लॅकी, टायरवाला. सगळ्यांना वाटतं कट्टर लाल. त्याचं नावसुद्धा निळ्यांत आहे! सरकारी नोंद आहे, कोणीही बघावी."

लोकांनी बघितली. बंचसाहेबांच्या माणसांनी सर्वात आधी बघितली. दुपारी त्यांचा फोन आला की कार्यक्रमात थोडा बदल आहे, साहेब आता बायपासवरच्या दुसऱ्या टायरच्या दुकानात जातील.

ड्यूई संध्याकाळी आला तो दार न वाजवता.

"तू सांगितलंस?"

"मी नाही, नोंद सांगते."

"नोंद!" त्याचा आवाज एवढा चढला की मिस इमोजीननी समोरचा दिवा लावला. "अरे, अठरा वर्षांचा झालो तेव्हा आईनं हाताला धरून कचेरीत नेलं आणि नाव घातलं. तेव्हा या काउंटीत दुसरा पक्ष होता कुठे? निळ्यांत नाव नसलं तर शेरीफ तुला ओळख दाखवायचा नाही! त्यानंतर एकदा, एकदा तरी मी त्यांना मत दिलंय का? नाव बदलायला जायचं राहून गेलं, एवढंच. माझ्या भावाचं तसंच, मेव्हणीचं तसंच. पन्नाशीच्या पुढचा कोणीही धर, अर्धी काउंटी अशीच निघेल!"

मी हळूच खुर्चीत बसलो. कारण आगाऊ मत द्यायला सर्वात आधी कोण येतं? म्हातारे. निळ्या नोंदणीचा माझा सगळा सुंदर ढीग म्हणजे ड्यूईसारख्यांचा ढीग होता.

"म्हणजे ते निळे निळे नाहीत?" मी विचारलं.

"तू माझ्याशी आकड्यांबद्दल बोलतोयस?" ड्यूई म्हणाला. "आत्ता?"

तो बाहेर गेला, ट्रकमध्ये बसला आणि माझ्या बोर्डासकट ट्रक घेऊन गेला. बोर्ड रस्त्यातल्या पहिल्याच वळणावर पडला. तो थांबला नाही.

मी माफी मागायला हवी होती असं नेडीनचं मत. मी म्हणालो, "कशाबद्दल? माहिती सार्वजनिक आहे!"

"दोरीवर वाळणाऱ्या तुझ्या चड्ड्याही सार्वजनिक आहेत," ती म्हणाली. "मी रेडिओवर जाऊन त्यांचं माप सांगू?"

दुसऱ्या दिवशी मिस इमोजीननी मला हाक मारून बोलावलं आणि गोड चहाचा ग्लास हातात दिला. "रॉइस बाळ, तू माझं नाव पाहिलंस का नोंदीत? मी लाल आहे."

"तुम्ही?"

"केव्हापासून. त्यांच्या पक्षांतर्गत निवडणुकीत निदान बऱ्यातला बरा माणूस पुढे यावा म्हणून मी तिथे मत देते. शेवटी मत द्यायचं ते मी माझ्या मनानंच देते. आता हे रेडिओवर सांगू नकोस हं. माझा वाचकगट सगळा निळा आहे."

म्हणजे मला सांगा, लोकांनी असं वागायचं असेल तर सरकारनं आकडे प्रसिद्ध करायचे कशाला? सोफ्याला वरून चामडं लावायचं आणि आत गवत भरायचं, अशातली गत! आमच्या कारखान्यात असं कोणी केलं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात.

पण मी प्रामाणिक माणूस आहे. चूक दिसली तर ती जाहीर करायची, या विचारानं मी पुन्हा स्किपकडे गेलो.

"या आकड्यांवरून काही सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे ॲपलव्हाइट नाही?"

"ॲपलव्हाइट असं नक्की म्हणता येणार नाही."

"म्हणजे बंच!"

"मी असं म्हटलेलं नाही."

"मंडळी, ऐकलंत! रॉइस सेट्झर यांनी शब्द फिरवला, आता थॅड बंच! आणि आता एक तपकिरी बीगल कुत्री, डावा कान फाटलेला..."

त्या दुपारी निळ्यांच्या गावातल्या कार्यालयातून एक बाई आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. आमचे लोक निवांत झाले होते, म्हणाल्या, आता घाबरून मत द्यायला निघालेत. त्यांच्या मागोमाग लालवाल्यांचा एक गृहस्थ आला आणि म्हणाला की आमचे लोक आता घरी बसतील, तुम्ही कृपा करून पुन्हा हरवा आम्हाला. अंदाज म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे, पाहुणे येतील तसा बदलायला? मी दोघांनाही दार दाखवलं. कारखान्यात मालकांनी बोलावून विचारलं, "रॉइस, तुझ्यामुळे दोन्ही रंगांची गिऱ्हाइकं फोन करून शिव्या देताहेत. तू नक्की कोणाचा?" मी म्हणालो, "कापडाचा."

निवडणुकीच्या संध्याकाळी आम्ही दोघंच टीव्हीसमोर बसलो. दर वेळी ड्यूई येतो, मोठ्यानं ओरडतो, आमचे दाणे संपवतो. त्या दिवशी त्याच्या घराचे पडदे ओढलेले होते. शांततेत आकडे बघायला मिळावेत ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा. ती पूर्ण झाली, आणि मला एकाही आकड्यात गोडी वाटली नाही.

"जा ना, बोलाव त्याला," नेडीन म्हणाली.

"मी कशाला बोलावू? ट्रक त्यानं नेला."

आधी ॲपलव्हाइटबाई पुढे, मग बंच, मग बाई, मग कोणीच नाही. निकाल लागेना. फेरमोजणी निघाली. दिवस गेले. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या टर्क्या दुकानात आल्या तरी आमच्या राज्याला सिनेटर नव्हता. तेवढ्या काळात अर्धं गाव मला, पहिला अंदाज चुकला म्हणून हसत होतं आणि उरलेलं अर्धं, दुसरा चुकला म्हणून. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी चुकीचं ठरवायची सोय मी स्वतः करून दिली होती.

आणि मग निकाल लागला. ॲपलव्हाइटबाई! तीन टक्के कुठले, आमच्या शाळेच्या मैदानात मावतील एवढ्या मतांनी, पण जिंकल्या. आमच्या काउंटीत बंचच पुढे होते, मात्र लालवाल्यांच्या नेहमीच्या आघाडीपेक्षा बरेच कमी.

म्हणजे मी बरोबर होतो. आणि बरोबर असताना मी माघार घेतली होती, रेडिओवर, कुत्र्यांच्या आधी. यापेक्षा मोठा अपमान माणसाचा होत असेल तर तो मला ऐकायचाही नाही.

त्याच आठवड्यात माझ्या गाडीच्या मागच्या टायरात खिळा गेला. बायपासवरच्या दुकानात जाणं मला शक्य नव्हतं. रागाला काही मर्यादा असतात. मी ड्यूईच्या दुकानात गेलो. त्यानं गाडी वर उचलली, चाक काढलं. आता चाकाशिवाय मी कुठेही जाऊ शकत नव्हतो. मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"एकटाच आलायस ना?"

"हो."

"मी तिला दिलं."

"कोणाला काय दिलंस?"

"हळू बोल!" त्याच्या हातात नट काढायचं हवेचं मशीन होतं. "मतदानाच्या दिवशी सकाळी पेपरात बंचचा फोटो बघितला. त्या बायपासवाल्याच्या टायरवर पाय ठेवून उभा होता, हसत. तीस वर्षं मी या लोकांना मत देतोय. पताका माझ्या पैशानं लावतोय. आणि एक नोंद बघून हे परत फिरले, एक फोन करून विचारावं, की बाबा रे, काय भानगड आहे, एवढंही नाही. केंद्रात गेलो, कागद पुढ्यात घेतला, पेन धरलं, आणि हात तिच्याच नावाकडे गेला." त्यानं कपाळ पुसलं. "भावानंही तेच केलं. मेव्हणीनंही. तिच्या दोन बहिणींनी. आमच्या घराण्याचा अपमान झाला म्हणून."

ड्यूई निळा, असं मी जाहीर केलं तेव्हा ते साफ चुकीचं होतं. मी जाहीर केलं म्हणूनच ते खरं झालं होतं. असा अंदाज माझ्या आयुष्यात मी कधी काढला नव्हता; मापल्यामुळे कापड वाढल्यासारखं.

"हे कोणाला कळलं," ड्यूई म्हणाला, "तर मला दुकान विकून जावं लागेल. कळलं का, रॉइस?"

"कळलं."

"रेडिओवर तर नाहीच नाही."

"अरे, कळलं!"

(हे आज मी सांगू शकतो, कारण ड्यूईनं पुढे दुकान पुतण्याला दिलं, मुलीकडे फ्लोरिडात जाऊन राहिला आणि फोनवर म्हणाला, "आता सांग कोणाला सांगायचं ते. इथे मला कोणी विचारत नाही." तेव्हा माझ्यावर कोणी बोट दाखवू नये.)

दोन दिवसांनी स्किपनं बोलावलं. गावात सगळीकडे तोच कार्यक्रम लावलेला असतो, न्हाव्याकडे, बँकेत, टायरच्या दुकानात.

"रॉइस, तुझा पहिला अंदाज बरोबर निघाला!" स्किप म्हणाला. "या लाल काउंटीत बंच यांची मतं घटतील हे तुला कसं कळलं? काय रहस्य आहे?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. नावानिशी, नात्यांसकट, मेव्हणीच्या बहिणींपर्यंत. ते सांगितलं असतं तर मी गावचा शहाणा ठरलो असतो. कदाचित तो दातवालाही माझ्याकडे आला असता. ड्यूईच्या दुकानातलं हवेचं मशीन त्या क्षणी बंद झालं असेल याची मला खात्री आहे.

"रहस्य काही नाही," मी म्हणालो. "चुकून बरोबर आलं."

हे वाक्य मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. कारखान्यात तर मी ते दुसऱ्यालाही उच्चारू देत नाही. स्किप एवढा हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. मग तो म्हणाला, "ऐकलंत मंडळी, चुकून!" आणि दिवसभर दर तासाला त्यानं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाजवलं. घरी येईपर्यंत चार जणांनी मला ते ऐकवलं होतं. ग्लेंडानं गाडीची काच खाली करून ऐकवलं.

संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो, कोणाशीही बोलायचं नाही असं ठरवून. ड्यूई आला. हातात कागदात गुंडाळलेला, दिवसभर धुरावर शिजवलेला डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा. शेजारी बसला. नेडीननं बशा आणल्या आणि काही न विचारता आत गेली. आम्ही खात राहिलो.

"रॉइस," शेवटी तो म्हणाला, "तुझ्याइतका वाईट खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. आवाज कसा थरथरत होता रे!"

"थरथरत नव्हता!" मी म्हणालो. "माईक खराब होता!"

"बरं," ड्यूई म्हणाला आणि सर्वात चांगला तुकडा माझ्या बशीत वाढला.